सातव्या मताची भाषा

पावाला काय म्हणायचं, यावर तिसरा दिवस चालला होता.

"हात वर करा," अध्यक्ष प्रोफेसर बोवेन म्हणाले. तीन हात वर झाले. "आता उरलेले." उरलेले तीन वर झाले. प्रोफेसरांनी ते आधी चष्म्यावरून मोजले, मग चष्म्यातून. मधल्या मध्ये एखादा हात उगवला असेल, अशी त्यांना आशा असावी. तो उगवला नव्हता, तेव्हा त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं, की चर्चा अत्यंत फलदायी झाली.

वेल्स, फ्रान्सच्या कोपऱ्यातली ब्रिटनी आणि इंग्लंडच्या टोकाचं कॉर्नवॉल यांच्या मते पाव म्हणजे 'बारा'. आयर्लंड, स्कॉटलंड आणि मॅन नावाचं बेट यांच्या मते 'अरान'. मधल्या सुट्टीत ही सहाही माणसं एकाच ताटलीतला पाव एकाच सुरीने लोणी लावून खायची आणि तोंड पुसून पुन्हा भांडायला बसायची.

ही गोष्ट १९८६ सालची. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अबरवेलन नावाच्या लहानशा गावात, चर्चच्या मागच्या सभागृहात आमची संयुक्त केल्टिक भाषा समिती बसत असे. केल्टिक भाषा सहा. तिघी एका आईच्या, तिघी तिच्या बहिणीच्या, आणि भावबंदकी म्हणाल तर आपल्याकडच्यासारखीच. इंग्रजीने पाच जणींना आणि फ्रेंचने एकीला रेटत रेटत समुद्राच्या काठाला आणून बसवलेलं. तेव्हा सहांचा अर्क काढून एक सोपी, सामाईक भाषा तयार करायची, म्हणजे सहा काठांवरची माणसं इंग्रजीची मिंधी न होता एकमेकांशी बोलतील, असा तो उदात्त बेत. लंडनमधल्या एका विश्वस्त निधीने त्याला पाठबळ दिलं होतं. समितीचं कामकाज अर्थातच इंग्रजीत चालायचं, कारण सहाही जणांना येणारी दुसरी भाषा नव्हती.

आणि मी, सर्जेराव माने, राहणार वाळवा तालुका, या समितीचा चिटणीस. पुण्यात भाषाशास्त्र शिकून मी शिष्यवृत्तीवर वेल्श शिकायला गेलो होतो. निघताना वडिलांनी विचारलं, की ती भाषा बोलतात किती जण? म्हटलं, पाच लाख. ते म्हणाले, "एवढी माणसं तर आपल्या दोन तालुक्यांत निघतील. तू काय त्यांचा आमदार होणारायस?" आमदार नाही झालो, पण त्यांच्या भाषेचा सरपंच मात्र झालो. सहा सदस्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. म्हणून ज्याला कोणाचंच सोयरसुतक नाही असा सातवा माणूस त्यांनी शोधला आणि बरोबरी झाली की निर्णायक मत त्याचं, असा नियम केला. बरोबरी तर रोज व्हायची. आयर्लंडचे फादर कॉनरी मला व्हिस्की पाजायचे, वेल्सचे प्रोफेसर बोवेन घरी जेवायला बोलवायचे. कॉर्नवॉलचे गृहस्थ आपली भाषा चाळिशीनंतर पुस्तकातून शिकलेले होते, त्यामुळे सगळ्यांत कडवे तेच. ते नुसतेच माझ्याकडे डोळे वटारून बघायचे.

पावावर मत दिलं असतं, तर तीन देश माझे जन्माचे वैरी झाले असते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला आमची ग्रामपंचायत आठवली.

आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी. दोन्हींचे सदस्य सारखे. मग सरपंचपद अडीच वर्षं वरच्या आळीला, अडीच वर्षं खालच्या. वरच्या आळीने आपल्या बाजूने गटार काढायला घ्यायचं आणि अडीच वर्षं झाली की खालच्या आळीने ते बुजवून आपल्या बाजूने काढायचं. गटार कधीच पुरं झालं नाही, पण गावात एकदाही डोकी फुटली नाहीत. वडील तेरा वर्षं सदस्य होते आणि या व्यवस्थेला ते लोकशाही म्हणत.

चौथ्या दिवशी मी समितीपुढे हेच मांडलं. भांडण नको, आलटून पालटून घ्या. पाव वेल्सच्या बाजूचा, तर पाणी आयर्लंडच्या. डोकं इकडचं, तर पाय तिकडचा. मग फादर कॉनरी उठून उभे राहिले आणि म्हणाले, की या पूर्वेकडच्या तरुणाने जे सुचवलं ते दोन हजार वर्षांत कोणा केल्टला सुचलं नाही. कॉर्नवॉलच्या गृहस्थांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, की वडिलांनी उगाच आमदारकीचं काढलं नव्हतं.

त्यानंतर भाषा नुसती धो धो वाढली. दिवसाला तीस-चाळीस शब्द. 'मुलगा' आयर्लंडला मिळाला, म्हणून 'मुलगी' वेल्सला. आमच्या भाषेत सख्खी भावंडंही एकमेकांना परकी होती. पण ठराव सगळे एकमताने, आणि चहाबरोबर बिस्किटं. शब्द नीट अर्धे अर्धे वाटले जातात की नाही, याकडे सहाही जण डोळ्यांत तेल घालून बघत. त्या शब्दांनी कोणाला बोलता येतं का, हे बघायचं कोणाच्याच कामात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

मी राहायला नेस्टाबाईंकडे होतो. नेस्टा प्यू, वय वर्षं अडुसष्ट, विधवा, समुद्राकडे तोंड केलेल्या दोन मजली घराची मालकीण. वरची खोली त्या भाड्याने देत, पण वेल्श येणाऱ्यालाच. माझी वेल्श मोडकीतोडकी होती. पहिल्या दिवशी दारातच त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि म्हणाल्या, "बोलतोस गाढवासारखं, पण बोलतोस. ये आत."

बाई इंग्रजी बोलत नसत. येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. त्यांचं माहेरचं आणि सासरचं मिळून एकच गाव होतं आणि ते इंग्लंडमधल्या एका शहराच्या पाण्यासाठी धरणाखाली गेलं. कागद घेऊन आलेल्या साहेबाशी त्या अर्धा तास इंग्रजीत बोलल्या, विनवण्या केल्या, आणि साहेब म्हणाला, की तुमचं इंग्रजी फारच छान आहे. त्या दिवसापासून बाईंनी इंग्रजी टाकली. आपल्याकडे लोक काशीला जाऊन आवडता पदार्थ सोडतात. त्यातही हुशार माणसं कारलं सोडून येतात. बाईंनी गरजेची गोष्ट सोडली होती आणि बावीस वर्षं पाळली होती. इंग्रजी पत्र आलं तर स्वतः वाचत नसत. मी वाचायचं आणि वेल्शमध्ये सांगायचं. वाण्याला वेल्श येत नव्हती, तर हव्या त्या डब्याकडे बोट दाखवून उभ्या राहत. शेवटी तो वाणीच वेल्श शिकला.

बाईंना एकच मुलगा होता, एम्रिस, जहाजावर कामाला. त्याने आयर्लंडच्या पश्चिम टोकाच्या एका गावातल्या नुआला नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तिथेच घर केलं. त्या गावात अजून आयरिश बोलतात. मुलगी झाली, तिचं नाव ग्रान्या. ती दोन वर्षांची असताना एम्रिस तापाने गेला. त्यानंतर चार वर्षं बाईंनी नातीला पाहिलं नव्हतं. नुआला माशांच्या कारखान्यात होती, सुट्टी मिळत नव्हती. आणि जानेवारीत तिचं पत्र आलं, की ईस्टरला ग्रान्याला घेऊन चार दिवस येते. मी पत्र वाचून दाखवलं. बाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग उठून भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी वाचनालयातून आयरिश शिकायचं पुस्तक आणलं. दुधाच्या जगला टेकवून ठेवायच्या आणि बटाटे सोलता सोलता धडे म्हणायच्या. फेब्रुवारी उजाडेपर्यंत नऊ धडे झाले.

"ऐक, सर्जे," एका दुपारी त्या म्हणाल्या आणि त्यांनी आयरिशमध्ये एक वाक्य म्हटलं. 'तुला भूक लागली का?' उच्चार ओबडधोबड होता, पण कळत होता. "आलं ना?"

आलं होतं. मी म्हटलं, "बाई, हे कशाला? आयरिशमध्ये लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं. भलेभले दमलेत."

"नात आयरिश बोलते. मग आजीने काय चिनी शिकायची?"

"मी आहे ना. मी दुभाषी होतो. मला दोन्ही येतात, आयरिशही माझ्या अभ्यासात होतं."

"दुभाष्याच्या तोंडून नातीचा पापा घेता येतो का रे?"

मग मी म्हटलं, की आमची भाषा शिका. निम्मी तर तुमचीच आहे, व्याकरण दोन पानांचं, आणि मार्चमध्ये पुस्तिका छापून येईल. एक तुम्हाला, एक ग्रान्याला. ती तिकडून शिकेल, तुम्ही इकडून शिका. दोघी निम्म्या वाटेवर भेटाल.

बाईंनी सुरी पदराला, म्हणजे त्यांच्या त्या एप्रनला पुसली. "निम्म्या वाटेवर समुद्र आहे, सर्जे."

"बाई, भाषा ईस्टरपर्यंत तयार होईल. शब्द देतो."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चार वर्षं वाट पाहिलेलं माणूस ज्या नजरेने बघतं, तसं. मग पुस्तक मिटलं. त्याच शुक्रवारी ते वाचनालयात परत गेलं.

पुस्तिका मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. बाराशे शब्द, पिवळं मुखपृष्ठ, आत सहा सदस्यांच्या सहा प्रस्तावना, सहाही इंग्रजीत. एक प्रत मी आयर्लंडला पाठवली, सोबत नुआलाला पत्र, की रोज अर्धा तास मुलीकडून करून घ्या. दुसरी बाईंना दिली. जगात ती भाषा मनापासून शिकलेलं एकच माणूस होऊन गेलं, ते म्हणजे नेस्टाबाई. त्यांनी घरभर चिठ्ठ्या लावल्या. किटलीला, साखरेच्या डब्याला, जिन्याच्या कठड्याला. रात्री दिवा मालवला की भिंतीपलीकडून त्यांचं पाठांतर ऐकू यायचं. एकदा पोस्टाबाहेर प्रोफेसर बोवेन भेटले, तर बाईंनी त्यांना आमच्या भाषेत विचारलं, की तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? प्रोफेसर लालबुंद झाले आणि वेल्शमध्ये म्हणाले, की हो, हवा बरी आहे. बाई घरी येऊन मला म्हणाल्या, "तुझ्या अध्यक्षाला धडा तिसरा पक्का करायला सांग."

मी हसलो. हे बैठकीत सांगितलं तेव्हा सगळेच हसले, आणि मग फादर कॉनरींना कल्पना सुचली. आजी आणि नात चार वर्षांनी भेटतील आणि पहिल्यांदा बोलतील, ते आमच्या भाषेत. याहून मोठी चाचणी कोणती? समितीने तिथे हजर राहायचं, निधीच्या साहेबांना लंडनहून बोलवायचं. ठराव एकमताने झाला. चाचणी चोख व्हावी म्हणून मी त्यात एक कलम घातलं, की चाचणी संपेपर्यंत कोणीही, विशेषतः चिटणिसाने, भाषांतर करून मदत करू नये. नुआलालाही तसं कळवलं. कलम माझं, अक्षर माझं, सही माझी.

बाईंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सहा जणं? माझ्या बैठकीत? खुर्च्या चार आहेत." मग थोड्या वेळाने, "तुझं काम होणार असेल तर येऊ देत. मनुकांचा पाव जास्त करते."

ईस्टरच्या शनिवारी दुपारी चारला सहा सदस्य बाईंच्या छोट्या बैठकीत भिंतीला पाठ लावून बसले होते. दोन खुर्च्या शेजाऱ्यांच्या. सहा मांड्यांवर सहा बशा. निधीच्या साहेबांची गाडी उशिरा येणार होती. त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा राखून ठेवली होती. मी दाराशी वही घेऊन उभा होतो. बाईंनी जांभळा झगा घातला होता आणि हातात पिवळी पुस्तिका होती, पण मिटलेली. त्यांना बाराशे शब्द तोंडपाठ होते.

घंटा वाजली. नुआला आत आली, आणि तिच्या कोटाला धरून ग्रान्या. सहा वर्षांची, लाल गुडघ्यांची, नाकात एम्रिसचा फोटो. म्हणजे बाईंच्या भिंतीवर जो फोटो होता त्यातलं नाक. बाईंनी ते नाक पाहिलं आणि एक पाऊल पुढे आल्या. मग थांबल्या, श्वास घेतला, आणि स्वच्छ, सावकाश, एकेक शब्द निवडल्यासारखं आमच्या भाषेत म्हणाल्या:

"ये, माझ्या मुलाच्या मुली. मी तुझी आजी. तुला पाव हवा की दूध?"

'मुलाच्या' आयर्लंडचं, 'मुली' वेल्सचं. 'पाव' वेल्सचा, 'दूध' आयर्लंडचं. मधले शब्द ब्रिटनी आणि स्कॉटलंडचे, वाटणीप्रमाणे. दूध ऐकून ग्रान्याने मान वर केली. त्या गर्दीत तिला पकडता आलेला तो एकच शब्द. बाईंचा चेहरा उजळला. त्या धीर धरून पुढचं वाक्य बोलल्या, मग त्याच्या पुढचं. ग्रान्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग सहा बशांकडे, मग परत तोंडाकडे. तिची पिवळी पुस्तिका तिच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. तिच्या मुखपृष्ठावर गाई काढलेल्या मला दारातून दिसत होत्या. नुआला बारा बारा तास मासे कापून घरी यायची. तिने रोज अर्धा तास कुठून आणायचा, हे मी पत्रात लिहिलं नव्हतं.

ग्रान्या आईच्या कोटात तोंड घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, आयरिशमध्ये बोलली:

"आई, आजीला बोलता येत नाही का?"

नुआलाने ओठ चावला. फादर कॉनरी छताकडे बघायला लागले. त्या खोलीत आयरिश येणारी आम्ही चार माणसं होतो, आणि नेस्टाबाई त्यात नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या आणि वेल्शमध्ये म्हणाल्या:

"काय म्हणाली रे? सर्जे, काय म्हणाली ती?"

मी प्रोफेसर बोवेनकडे पाहिलं. त्यांनी अगदी हळू, बाईंना दिसणार नाही अशी, मान हलवली.

मी वहीत लिहिलं: चार वाजून सात मिनिटे, नातीची पहिली प्रतिक्रिया.

"सर्जे?"

मी मान वर केली नाही.

बाई पुन्हा नातीकडे वळल्या. आता त्यांचा आवाज किंचित वर चढला होता. न कळणाऱ्या माणसाशी मोठ्याने बोललं की त्याला कळतं, असं सगळ्यांनाच वाटतं. ग्रान्या घाबरली आणि रडायला लागली. रडता रडता आयरिशमध्ये म्हणाली, की मला भूक लागलीय, मला घरी जायचंय. बाई एकदम थबकल्या. यातलं काहीतरी त्यांनी ऐकलं होतं, दुधाच्या जगला टेकवलेल्या पुस्तकातून कधीतरी त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांचे ओठ हलले. त्या शोधत होत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि त्या जागेवर आता आमचे बाराशे शब्द बसले होते.

बाईंनी चष्मा काढला. पिवळी पुस्तिका टेबलावर ठेवली. मग गुडघ्यांवर बसल्या, अडुसष्टाव्या वर्षी, सहा देशांच्या बशांसमोर, आणि इंग्रजीत म्हणाल्या:

"ये, बाळा. भूक लागली असेल ना तुला? इतक्या लांबून आलीस."

कुठे अडखळल्या नाहीत. बावीस वर्षं घडी घालून ठेवलेली भाषा, पण एक सुरकुती नव्हती.

ग्रान्याचं रडणं थांबलं. "तुला इंग्रजी येतं?" तिने इंग्रजीत विचारलं. टीव्हीवरच्या कार्टूनमधलं इंग्रजी. "मग मघापासून का नाही बोललीस?"

"विसरले होते," बाई म्हणाल्या.

मग पोरीचं जे सुरू झालं ते थांबेचना. बोटीवर तिला तीनदा उलटी झाली, त्यांच्याकडे वासरू झालंय, त्याच्या कपाळावर पांढरं आहे, शाळेत तिचा दात पडला. बाई तिला मांडीवर घेऊन मनुकांचा पाव भरवत होत्या आणि इंग्रजीत विचारत होत्या, की वासराचं नाव काय? तू ठेवलंस? आईने सांगितलंय का तुला, की बाबा शाळेत असताना या जिन्यावरून पडला होता? नुआला तोंडावर हात दाबून रडत होती. भिंतीला टेकलेले सहाही जण बशांतल्या तुकड्यांकडे बघत होते.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी निधीचे साहेब आले. ओली टोपी हातात घेऊन पाय न वाजवता खिडकीजवळच्या जागेवर बसले. आजी आणि नात एकमेकींच्या गळ्यात होत्या आणि अखंड बोलत होत्या. साहेबांनी दहा मिनिटं ऐकलं. मग पुढे वाकून प्रोफेसर बोवेनना म्हणाले:

"अद्भुत आहे. मी तर एक धडाही वाचलेला नाही, तरी मला प्रत्येक शब्द कळतोय. इतकी सोपी होईल असं वाटलं नव्हतं."

मग प्रोफेसर म्हणाले, "आभारी आहे." फादर कॉनरी म्हणाले, की मेहनत फार झाली. कॉर्नवॉलचे गृहस्थ म्हणाले, की त्यात कॉर्नवॉलचा वाटा निम्म्या शब्दांचा होता. ब्रिटनीने लगेच हरकत घेतली.

आणि सात वाजता मी लिहिलं: आजी व नात यांच्यात सुमारे तीन तास विनासायास संभाषण झाले. चाचणी यशस्वी.

एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही, ती आता सांगतो. फेब्रुवारीत ज्या दुपारी बाईंनी मला ते आयरिश वाक्य म्हणून दाखवलं, त्याच सकाळी लंडनहून पत्र आलं होतं. निधीने विचारलं होतं, की ही भाषा बोलणारं किमान एक माणूस दाखवता येईल का? दाखवता आलं नाही, तर समिती जूनमध्ये बंद, आणि समितीबरोबर त्याच निधीतून मिळणारी माझी शिष्यवृत्तीही. मी गावी परत जाऊन काय सांगणार होतो? खिशात ते पत्र घेऊनच मी स्वयंपाकघरात शिरलो होतो. बाईंचं आयरिश चांगलं जमत होतं. आणखी दोन महिन्यांत त्यांनी नातीला आपल्या तोंडाने जवळ बोलावलं असतं. मला ते कळत होतं, कारण त्या घरात भाषा कळणारा मीच होतो. मला एक बोलणारं माणूस हवं होतं, आणि ते समोर बटाटे सोलत बसलं होतं.

शिष्यवृत्ती एक वर्ष वाढली. साहेबांनी तिथेच, बैठकीत, हातात हात घेऊन सांगितलं.

ग्रान्या आणि नुआला चार दिवस राहिल्या. त्या चार दिवसांत बाई खूप हसल्या, हे मला सांगितलंच पाहिजे. समुद्रावर गेल्या, खेकडे पकडले, संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन एम्रिसच्या खोड्या सांगितल्या. सगळं इंग्रजीत. मी वरच्या खोलीत अहवाल लिहीत होतो आणि मला खाली जायची लाज वाटत होती. बुधवारी सकाळी त्या दोघींना बोटीवर पोचवून बाई परत आल्या. मी जिन्यावरून उतरत होतो. मागच्या दाराशी दूधवाला आला होता आणि बाई त्याच्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या, वेल्शमध्ये, नातीने पकडलेल्या खेकड्याबद्दल. दोघंही हसत होते. मी स्वयंपाकघरात आलो तेव्हा बाई आत वळल्या.

मी रात्रभर जुळवलेलं वाक्य वेल्शमध्ये म्हटलं. माफी मागितली, नीट, व्याकरण सांभाळून.

बाईंनी ऐकून घेतलं. किटली उचलली, कपात चहा ओतला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"गुड मॉर्निंग, मिस्टर माने," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचा नाश्ता टेबलावर ठेवला आहे."

मी त्या घरात आणखी तेरा महिने राहिलो. नाश्ता एक दिवसही चुकला नाही, आणि माझ्याशी वेल्शचा एक शब्दही त्या पुन्हा बोलल्या नाहीत.